गडकऱ्यांचा उठाव : विशाळगड, पन्हाळा आणि इ. स. १८४४

सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्या आपणां मलकापूरकरांस किल्ल्यांची ओळख करून द्यावयास नको. आंब्याच्या वाटेने पश्चिमेस निघावे तो विशाळगड, आणि कोल्हापूरच्या रस्त्यास लागून पूर्वेकडे जावे तो पन्हाळा. या दोन दुर्गांच्या मधल्या टापूत आपल्या घराण्यांच्या कित्येक पिढ्या नांदल्या. बाजी प्रभूंच्या बलिदानाची कथा आपण मुलांस अगदी लहानपणापासून ऐकवितो, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याच दोन गडांशी निगडित असा दुसराही एक झगडा आहे. तो इ. स. १८४४ मध्ये इंग्रजांशी झाला. तो लढणाऱ्यांत कोणी राजा नव्हता, कोणी नामांकित सेनापती नव्हता. गडाच्या तटावर पिढ्यान्‌पिढ्या पहारा देणारी साधी माणसे त्यात होती. म्हणूनच की काय, त्याची आठवण मागे पडली आहे. ती जागी करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

हा विषय काढण्यास एक प्रसंगही घडला आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा सूचीत मराठ्यांच्या बारा किल्ल्यांचा समावेश झाला. त्यांतील अकरा महाराष्ट्रातील आहेत व आपला पन्हाळा त्यांत आहे. बारावा किल्ला मात्र दूर तमिळ देशातील जिंजी होय. कोठे पन्हाळा आणि कोठे जिंजी, असे प्रथमदर्शनी कोणासही वाटेल. पण या दोन दुर्गांस जोडणारा दुवा आपल्या विशाळगडावरूनच जातो.

जिंजी आणि विशाळगड

जिंजी, म्हणजे जुन्या मराठी कागदांतील चंदी, हा राजगिरी, कृष्णगिरी व चंद्रगिरी अशा तीन डोंगरांना एका तटात गुंफणारा विस्तीर्ण दुर्ग आहे. शिवछत्रपतींनी दक्षिण दिग्विजयाच्या वेळी इ. स. १६७७ मध्ये तो घेतला व नव्याने बळकट केला. स्वदेशी संकट ओढवल्यास राज्यास आश्रयस्थान असावे, ही त्यामागील दूरदृष्टी बारा वर्षांतच खरी ठरली. इ. स. १६८९ मध्ये संभाजी महाराजांचा वध झाला, रायगड मोगलांच्या हाती गेला, आणि राजाराम महाराज पन्हाळ्यावरून वेषांतर करून निघाले ते त्याच वर्षी जिंजीस पोहोचले. झुल्फिकारखानाने जिंजीस घातलेला वेढा इ. स. १६९० पासून १६९८ पर्यंत रेंगाळला.

राजा जिंजीत असता महाराष्ट्रातील कारभार कोणी चालविला? तो रामचंद्रपंत अमात्यांनी चालविला, आणि त्यांचे मुख्य ठाणे होते विशाळगड. राजारामांनी त्यांस ‘हुकुमतपन्हा’ हा किताब देऊन जवळजवळ राजाचेच अधिकार सोपविले होते. म्हणजे त्या नऊ वर्षांत स्वराज्याची एक राजधानी तमिळ देशात होती व दुसरी आपल्या या डोंगरावर होती. जिंजी पडण्याच्या सुमारास राजाराम महाराज निसटून परतले, ते इ. स. १६९८ मध्ये विशाळगडासच आले. पुढे औरंगजेबाने स्वतः या गडास वेढा घातला. डिसेंबर १७०१ पासून जून १७०२ पर्यंत गडकऱ्यांनी बादशहास झुंजविले, आणि शेवटी परशुराम त्रिंबकांनी मोठी रक्कम घेऊन गड खाली केला. गड तर मिळाला. पण परतीच्या वाटेवर आपल्या भागातील पावसाने आणि फुगलेल्या ओढ्यानद्यांनी मोगल फौजेची जी दैना केली ती लढाईहून भयंकर होती. विशाळगडाहून पन्हाळ्यापर्यंतचे थोडके अंतर कापण्यास बादशाही छावणीस महिन्याहून अधिक काळ लागला.

हे सर्व सांगण्याचे कारण असे की, किल्ला म्हणजे केवळ दगडांची रास नव्हे. जिंजीने आठ वर्षे आणि विशाळगडाने सहा महिने दम धरला तो तेथील माणसांच्या बळावर. ती माणसे कोण होती, कशावर जगत होती, हे ध्यानात घेतल्यावाचून १८४४ चा उठाव उमगणार नाही.

गडावरील माणसे

गडाची व्यवस्था शिवकाळात घालून दिली गेली व थोड्याफार फेराने पुढे दीडशे वर्षे चालली. गडावर हवालदार, सबनीस आणि कारखानीस हे तीन मुख्य अधिकारी असत. हवालदार सामान्यतः मराठा, सबनीस ब्राह्मण आणि कारखानीस प्रभू, अशी योजना असे. किल्ल्या आणि शिबंदी एकाकडे, हजेरी व हिशेब दुसऱ्याकडे, धान्यकोठार व दारूगोळा तिसऱ्याकडे. सबब कोणा एकाने फितूर होऊन गड विकावा म्हटले तरी ते साधू नये. तटाच्या बंदोबस्तास तटसरनौबत व त्यांच्या हाताखाली नाईकवाडी. गडाच्या पायथ्याशी घेऱ्यात रामोशी, महार, कोळी, बेरड इत्यादी समाजांच्या चौक्या असत; रानाची प्रत्येक वाट त्यांच्या पायाखालची असे. पावसाळ्यापूर्वी कोठारांची छपरे शाकारणे, टाक्यांतील गाळ काढणे, तटाची चिरणी बुजविणे, सूर्यास्तास दरवाजे लावून सूर्योदयास उघडणे, रात्री गस्त घालणे, अशी ही बारमाही सेवा होती.

या सेवेचा मोबदला रोख थोडा आणि जमिनीच्या रूपाने अधिक मिळे. गडाकडे काही गावे व जमिनी लावून दिलेल्या असत. त्यांच्या उत्पन्नावर गडकऱ्यांची कुटुंबे पोसली जात. बापामागे मुलगा त्याच दरवाजावर उभा राही. अशा रीतीने गडकऱ्यांच्या मनात भाकरी, इभ्रत आणि निष्ठा या तीन गोष्टी एकाच धाग्यात ओवल्या गेल्या होत्या. पवनखिंडीत बांदलांची फौज, पन्हाळ्याहून महाराजांचे सोंग घेऊन मृत्यूस सामोरा गेलेला शिवा काशीद, आणि खिंड अडवून पडलेले बाजी प्रभू, हे सारे भिन्न समाजांतील होते. त्याचप्रमाणे गडकरी ही एक जात नव्हती, ती एक वृत्ती होती. ज्ञातीच्या स्मरणिकेत हे मुद्दाम नमूद करावेसे वाटते.

इंग्रजांची पहिली गाठ

इंग्रजांची आणि आपल्या गडांची पहिली गाठ १८४४ ची नव्हे. इ. स. १६६० मध्ये सिद्दी जौहराने पन्हाळ्यास वेढा घातला असता राजापूरच्या वखारीतील इंग्रज व्यापारी हेन्री रेव्हिंग्टन हा आपल्या सहकाऱ्यांसह तोफ व दारूगोळा घेऊन आला आणि इंग्रजी निशाण फडकावून गडावर मारा केला. व्यापाऱ्याने युद्धात पडावे हा करारभंग होता. महाराज १२ जुलैच्या रात्री निसटले, १३ जुलै रोजी घोडखिंडीची पवनखिंड झाली, आणि पुढल्याच वर्षी महाराजांनी राजापूरची वखार लुटून रेव्हिंग्टन व त्याच्या साथीदारांस कैद केले. तराजू हाती घेऊन आलेला मनुष्य संधी साधून तोफ डागतो, हे त्या प्रसंगी या मुलखाने पाहिले. त्याच तराजूच्या राज्याने पुढे दीड शतकात सारा हिंदुस्थान व्यापला.

तमिळ देशात ते प्रथम घडले. जिंजी इ. स. १७५० मध्ये फ्रेंचांच्या आणि १७६१ मध्ये इंग्रजांच्या हाती गेली. नंतर पाळी आली दक्षिणेकडील पाळेगारांची. आपल्याकडील गडकऱ्यांहून पाळेगार मोठे. त्यांच्यापाशी स्वतःचे गढीकोट, शिबंदी व मुलूख असे. गावांची राखण करणे व तिच्याबद्दल ‘कावल’ म्हणजे रखवालीचा हक्क घेणे ही त्यांची जुनी वहिवाट होती. कंपनीने प्रथम खंडणीची बाकी मागितली, मग हक्कांवर हात घातला. पांचालंकुरिचीच्या वीरपांड्य कट्टबोम्मनाने मान तुकविली नाही. त्यास १६ ऑक्टोबर १७९९ रोजी कयत्तार येथे फाशी दिले. त्याचा भाऊ ऊमैत्तुरै याने तुरुंगातून सुटून पाडलेला मातीचा कोट पुन्हा उभारला आणि इंग्रजी पलटणींस महिनोन्‌महिने झुंजविले. मे १८०१ मध्ये तो कोट पडला. शिवगंगेच्या मरुदू बंधूंनी जून १८०१ मध्ये तिरुचिरापल्लीच्या किल्ल्यावर जाहीरनामा लावून सर्व जातींच्या लोकांस परकीयांविरुद्ध उठण्याचे आवाहन केले. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनाही फाशी झाली. बंड मोडल्यावर कंपनीने पाळेगारांची शस्त्रे काढून घेतली आणि त्यांचे कोट जमीनदोस्त करविले. पुढे १० जुलै १८०६ रोजी वेल्लोरच्या किल्ल्यात शिपाई उठले, तोही याच कथेचा पुढला भाग होय.

आधी हक्क काढून घ्यावयाचा, त्यावरून माणूस उठला की त्यास बंडखोर ठरवावयाचे, आणि बंड मोडल्याच्या निमित्ताने त्याचा तटच पाडून टाकावयाचा, हा क्रम वाचकांनी ध्यानी ठेवावा. चार दशकांनी तो आपल्या दारी आला.

करवीर राज्याची स्थिती

करवीर राज्याचा इंग्रजांशी इ. स. १८१२ मध्ये तह झाला व मालवणचे बंदर हातचे गेले. पुढे शहाजी उर्फ बावासाहेब महाराजांच्या कारकिर्दीत १८२६ ते १८२९ या अवधीत लागोपाठ तीन तह लादले गेले. त्यांनी चिकोडी व मनोळी हे परगणे गेले, राज्याची फौज ४०० स्वार व ८०० पायदळ इतकी मर्यादित झाली, आणि कारभारी नेमण्यात इंग्रजांचा हात शिरला. इ. स. १८३८ मध्ये बावासाहेब निवर्तले. गादीवर आलेले चौथे शिवाजी उर्फ बाबासाहेब महाराज अल्पवयीन होते. राजवाड्यात कारभाराविषयी मतभेद माजले आणि त्याचा लाभ घेऊन इंग्रजांनी इ. स. १८४३ मध्ये दाजी कृष्ण पंडित यांस कारभारी नेमून राज्याची सूत्रे त्यांच्या हाती दिली.

दाजी पंडितांनी सुधारणा आरंभिल्या. जुन्या व्यवस्थेत ढिलाई व गैरव्यवहार नव्हते असे कोणी म्हणणार नाही. निरनिराळ्या खात्यांत विखुरलेला वसूल एका हाती आणावा, हिशेब नियमित ठेवावा, हा विचार कागदावर निर्दोष दिसतो. परंतु त्याच ओघात गडांकडे लावून दिलेल्या जमिनींचा कारभार गडकऱ्यांकडून काढून मामलेदारांकडे देण्याचा हुकूम सुटला. आज कारभार गेला, उद्या जमीन जाईल आणि परवा गडावरील चाकरीही जाईल, असे गडकऱ्यांस वाटले. पुढील इतिहास पाहता ही भीती खोटी होती असे म्हणता येत नाही.

१८४४ चा रणसंग्राम

इ. स. १८४४ च्या पावसाळ्यात प्रथम सामानगड व भुदरगड येथील गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले आणि दरबारच्या अधिकाऱ्यांस आत घेण्याचे नाकारले. दरवाजा उघडणे आणि लावणे हीच ज्यांची पिढीजात चाकरी, त्यांनी निषेधासाठी तोच दरवाजा बंद करावा, यात मोठा अर्थ भरलेला आहे. राज्याच्या फौजेने हे प्रकरण आवरेना, तेव्हा बेळगावहून इंग्रजी पलटणी निघाल्या. सामानगड गडहिंग्लजच्या बाजूस. उंची फार नाही, पण ताशीव कड्यामुळे व भक्कम तटामुळे तो सहजासहजी हाती लागला नाही. वेढ्याच्या मोठ्या तोफा आणून, सेनापती डेलामोट याच्या हुकमतीखाली, ऑक्टोबरात तो हल्ला करून घेण्यात आला. त्यानंतर भुदरगडाचीही तीच गत झाली.

मात्र तोवर वणवा कोल्हापूर शहरापर्यंत पोहोचला होता. बाबाजी अहिरेकर यांच्या नेतृत्वाखाली शहरातील शिबंदी उठली आणि खुद्द दाजी पंडितांस कैद करण्यात आले. पन्हाळा व पावनगड गडकऱ्यांनी ताब्यात घेतले. आपल्या बाजूस विशाळगड आणि दक्षिणेस रांगणा यांच्यावरही उठावाची हवा पसरली. याच सुमारास कर्नल ओव्हान्स हा इंग्रज अधिकारी गडकऱ्यांच्या हाती सापडला व त्यास पन्हाळ्यावर अटकेत ठेवण्यात आले. हा ओव्हान्स म्हणजे तोच, ज्याच्या रेसिडेंटपणात इ. स. १८३९ मध्ये साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांस पदच्युत करण्यात आले होते. ज्या कंपनी सरकारने एका छत्रपतीस कलमाच्या फटकाऱ्याने गादीवरून उतरविले, त्याच्या प्रतिनिधीस करवीरच्या गडकऱ्यांनी गडावर कोंडावे, हा काळाचा विलक्षण खेळ होय.

ओव्हान्सची सुटका झाली, पण पन्हाळ्याची होणार नव्हती. मोठी फौज व तोफा गडाखाली आल्या. तटास भगदाड पाडून १ डिसेंबर १८४४ रोजी इंग्रजांनी पन्हाळ्यावर हल्ला चढविला. ज्या तटाने सिद्दी जौहरास चार महिने दाद दिली नव्हती, तो नव्या तोफखान्यापुढे फार काळ टिकला नाही. बाबाजी अहिरेकर या लढाईत पडले. शेजारचा पावनगडही त्याच दिवशी गेला. पन्हाळा गेल्यावर बाकीच्यांचा आधारच तुटला. विशाळगड व रांगणा हेही इंग्रजांच्या हाती आले.

लढाई तेवढ्यावर थांबली नाही. उठावातील काही मंडळी घाट उतरून सावंतवाडी मुलखात गेली. तेथे फोंड सावंत तांबुळकर यांनी झेंडा उभारलाच होता. मनोहरगड व मनसंतोषगड या जोडगडांच्या आश्रयाने त्यांनी झुंज चालू ठेवली. त्यांच्यावर कर्नल आऊटराम चालून गेला. हाच अधिकारी पुढे १८५७ च्या युद्धात लखनौ येथे प्रसिद्धीस आला. इ. स. १८४५ च्या आरंभी मनोहरगड पडला आणि पुढाऱ्यांनी गोव्याच्या हद्दीत आश्रय घेतला. अशा प्रकारे पाच-सहा महिन्यांचा हा संग्राम संपला.

तट कोणी पाडले?

आता या उठावाच्या परिणामाकडे वळू. तो आजही आपल्या डोळ्यांपुढे आहे. मात्र आपण तो ओळखत नाही. गडावर सहलीस गेलेली मंडळी ढासळलेले बुरूज, दरवाजांच्या उघड्या चौकटी आणि वाड्यांची जोती पाहून ‘काळाचा महिमा’ म्हणून उसासा टाकतात. पण काळाला एवढी घाई नसते. पाऊस चिरा सैल करतो, वडपिंपळाची मुळे भिंतीत शिरतात, हे खरे; परंतु दरवर्षी डागडुजी करणारा हात जागेवर असेल तर तट शतकानुशतके उभा राहतो. आपल्या गडांच्या बाबतीत प्रथम इंग्रजांच्या हुकमाने तट व दरवाजे पाडले गेले, आणि त्याच हुकमाने डागडुजी करणारा हातही काढून टाकला गेला. पन्हाळ्याचा पूर्वेकडील चार दरवाजा, जो एकेकाळी गडाचा मुख्य दरवाजा गणला जाई, तो याच उठावानंतर पाडण्यात आला. सामानगड, भुदरगड आणि विशाळगड यांची तटबंदीही निकामी करण्यात आली. वंशपरंपरेने चालत आलेली गडकऱ्यांची व्यवस्था बंद झाली. जुनी शिबंदी मोडून इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली नवी पलटण उभारली गेली. या साऱ्या मोहिमेचा खर्च मात्र करवीर राज्याच्या माथी मारण्यात आला. म्हणजे तट पाडणाऱ्या तोफांची किंमतही याच मुलखातील रयतेने मोजली!

आणि याच घटनाक्रमाशी आपल्या मलकापूरचा इतिहास जोडलेला आहे. विशाळगड हे करवीरच्या पंतप्रतिनिधींच्या जहागिरीचे मूळ ठाणे. गडाची तटबंदी मोडल्यानंतर जहागिरीचे मुख्य ठिकाण खाली मलकापुरास आले. त्याबरोबर कचेऱ्या, दफ्तर, कारकून, सावकार, कारागीर हेही आले आणि गावास पेठेचे रूप चढले. इ. स. १९४९ मध्ये करवीर संस्थान मुंबई राज्यात विलीन होईपर्यंत ती जहागीर करवीरच्या अंकित होती. आज मलकापूरच्या बाजारपेठेतून फिरताना हे कोणाच्या मनातही येत नाही की, आपल्या गावाचा उत्कर्ष हा एका गडाच्या पाडावाचे अपत्य आहे. जे डोंगरावर हरले, त्यांनी सपाटीवर नवा संसार मांडला.

एक आक्षेप

काही लेखकांचे म्हणणे असे असते की, हा उठाव म्हणजे स्वातंत्र्याचा लढा नव्हे. इनामजमिनींवर गदा आली म्हणून चिडलेल्या वतनदारांची ती दांडगाई होती. इंग्रज अधिकाऱ्यांच्या लेखनाचा सूर तर असाच आहे. या आक्षेपास उत्तर देण्यापूर्वी त्यातील सत्यांश मान्य करणे इष्ट आहे. गडकऱ्यांपाशी संपूर्ण देशाचा विचार करणारा कार्यक्रम नव्हता. सर्व गडांस एकसूत्री आज्ञा देणारा पुढारी नव्हता. सारा शेतकरी वर्ग त्यांच्या पाठीशी उभा राहिला असेही म्हणता येत नाही. जिंजीच्या वेढ्याच्या काळी विशाळगडावर रामचंद्रपंत होते, बाहेर संताजी घोरपडे व धनाजी जाधव होते. १८४४ मध्ये गडाबाहेरून मदतीस येणारे कोणी नव्हते. एकेक गड एकटा लढला व एकटाच पडला. अपयशाचे मुख्य कारण हेच होय.

परंतु भाकरीसाठी झालेला लढा हलका, हा विचार आम्हांस मान्य नाही. रयतेस पारतंत्र्य प्रथम कळते ते जाहीरनाम्यातून नव्हे. आपल्या शेताचा, आपल्या चाकरीचा, आपल्या मानाचा निर्णय आपल्यास न विचारता कोठे तरी दूर होतो, तेव्हा ते कळते. पांचालंकुरिचीच्या लोकांस ते कावलाचा हक्क गेल्यावर कळले, करवीरच्या गडकऱ्यांस मामलेदाराचा हुकूम आल्यावर कळले. शिवाय निव्वळ जमिनीचाच प्रश्न असता, तर तडजोड करून पदरात काही पाडून घेणे शहाणपणाचे होते. तोफांपुढे उभे राहून प्राण देणे नव्हे. ज्यांनी ते केले त्यांच्या मनात जमिनीपलीकडचे काही तरी होते, हे निःसंशय.

या उठावाची आग विझली असे इंग्रजांस वाटले, पण तेरा वर्षांनी ती पुन्हा भडकली. ३१ जुलै १८५७ च्या रात्री कोल्हापुरात २७ वी देशी पायदळ पलटण उठली. त्याच वर्षी डिसेंबरात शहरातही उठाव झाला. तो कर्नल जेकब याने कठोरपणे मोडला. महाराजांचे धाकटे बंधू चिमासाहेब यांच्यावर इंग्रजांचा रोष झाला व त्यांस कराचीस नेऊन नजरकैदेत ठेवण्यात आले. तेथेच इ. स. १८६९ मध्ये त्यांचा अंत झाला. १८४४ मध्ये ज्यांची शस्त्रे काढून घेतली गेली, त्यांच्या मुलाबाळांनी हे दुसरे पर्व पाहिले असणार.

आपले कर्तव्य

असो. हा इतिहास केवळ अभिमानाने मिरविण्यासाठी सांगितलेला नाही. आपल्या ज्ञातीत व शेजारच्या समाजांतही आजपर्यंत चालत आलेली हवालदार, सबनीस, कारखानीस, सरनोबत, नाईकवडी, गडकरी अशी आडनावे पाहा. ती आडनावे म्हणजे गडावरच्या कामांची नावे आहेत. आडनाव राहिले, काम विसरले गेले. पुष्कळ घरांत माळ्यावरच्या पेटीत किंवा देवघरातील कोनाड्यात मोडी लिपीतील कागद गुंडाळून ठेवलेले आढळतात. त्यांत एखादी सनद असेल, गडाच्या खर्चाचा ताळेबंद असेल, जमीन खालसा झाल्याबद्दल केलेला अर्ज असेल. ‘वाचता येत नाही’ म्हणून ते रद्दीत घालण्याची किंवा नदीत सोडण्याची घाई कृपा करून कोणी करू नये.

१८४४ च्या संग्रामाची जी हकीकत आपणांस ठाऊक आहे, ती मुख्यत्वे इंग्रजांच्या दफ्तरांतून आली आहे. त्यांत सेनापतींची नावे आहेत, पलटणींचे क्रमांक आहेत, तोफांचा तपशील आहे. तटाच्या आतल्या माणसांत मात्र दोनचार पुढाऱ्यांवाचून कोणाचे नाव नाही. ती नावे सापडलीच तर आपल्या घरांतल्या कागदांतच सापडतील. ज्यांच्यापाशी असे कागद असतील त्यांनी ते कोरड्या जागी, सुती कापडात बांधून ठेवावेत, मोडी जाणणाऱ्याकडून वाचवून घ्यावेत, त्यांची छायाचित्रे काढावीत, आणि शक्य तर कोल्हापूर येथील पुरालेखागारात एक प्रत द्यावी. ज्ञातिमंडळाने दरवर्षीच्या स्मरणिकेत अशा एखाद्या कागदाचे वाचन छापण्याचा प्रघात पाडला, तर दहा वर्षांत आपल्या हाती एक लहानसे पण अस्सल दफ्तर जमा होईल.

पन्हाळा आणि जिंजी आज जगाच्या वारशात गणले गेले. विशाळगडाचे नाव त्या यादीत नाही, म्हणून खंत करण्याचे कारण नाही. जगाने नाव लिहिण्यापूर्वी घरच्यांनी ते लिहावयाचे असते. दरवाजा कोणी उघडला व कोणी लावला, टाक्यांतला गाळ कोणी काढला, आणि शेवटच्या दिवशी तटावर कोण उभा राहिला, हे ज्या दिवशी आपण आपल्या मुलांस नावानिशी सांगू शकू, त्या दिवशी १८४४ चा उठाव खऱ्या अर्थाने आपल्या इतिहासात जमा झाला असे म्हणता येईल.